गोबरगॅस आणि विजेचं बटण : एका ठिणगीचा इतिहास

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी तुम्हाला एका बटणाची हकिकत सांगणार आहे. साधं, दिव्याचं काळं बटण. माझ्या थोरल्या जावेच्या गोठ्यामागं गोबरगॅसची टाकी आहे. आधी त्यावर नुसता स्वयंपाक व्हायचा. पुढं जनावरं वाढली, गॅस उरायला लागला, म्हणून टाकीला लागून पत्र्याची एक खोली काढली आणि तिथं गॅसवर चालणारं छोटं इंजिन बसवलं. कडबाकुट्टी त्यावर, गोठ्यातले दिवे त्यावर. वायरमननं वायर वाचावी म्हणून दिव्याचा बोर्ड त्याच खोलीत, गॅसच्या पाइपच्या अगदी वर ठोकला.

एका पहाटे पाच वाजता जाऊबाई धार काढायला उठल्या. रात्रभर खोलीचं दार बंद होतं. पाइपचा जोड कुठंतरी सुटलेला होता. त्यांनी दार उघडलं, आत पाऊल टाकलं आणि सवयीनं बटण दाबलं. भक्कन जाळ झाला. भुवया गेल्या, कपाळावरचे केस गेले, उजवा हात कोपरापर्यंत भाजला. जीव वाचला, कारण त्या दारातच उभ्या होत्या आणि जाळ त्यांना बाहेर ढकलूनच विझला.

गावात बोलणं झालं ते असं, की गॅस फुटला. आमच्या सासूबाई म्हणाल्या, "ती टाकी बुजवून टाका, शेणाला असली कामं सांगू नयेत." खरं तर टाकीला ओरखडासुद्धा आला नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच टाकीच्या गॅसवर चहा झाला. मग जाळ कशानं झाला? बटणाच्या आत उडालेल्या, डोळ्यालाही न दिसणाऱ्या ठिणगीनं. आणि ते बटण तिथं कुणी बसवलं? या प्रश्नानं मला दोन वर्षं सोडलं नाही. मी विचारत गेले, वाचत गेले. तेव्हा कळलं, की गॅस आणि ठिणगी यांची ही ओळख अडीचशे वर्षं जुनी आहे, आणि आपल्या जाऊबाईंच्या आधी हजारो घरांनी त्याची किंमत मोजलेली आहे.

सुरुवात होते इटलीत. सन १७७६. अलेस्सान्द्रो व्होल्टा नावाचे एक शास्त्रज्ञ होते. माज्जोरे नावाच्या तळ्याच्या काठी, जिथं लव्हाळं कुजून चिखल होतो, तिथं काठीनं चिखल ढवळला की बुडबुडे वर येतात. असे बुडबुडे तुम्ही-आम्हीही ओढ्याच्या डबक्यात पाहिलेत. व्होल्टांनी ते बाटलीत धरले आणि तो वायू जळतो हे दाखवून दिलं. तोच वायू आज आपल्या टाकीत तयार होतो. शेण असो, पालापाचोळा असो, हवा न लागता कुजलं की हा वायू निघतो. त्याचं नाव मिथेन.

आता गंमत बघा. या व्होल्टांनी हा वायू हवेत मिसळून एका छोट्या नळीत भरला, वर बूच लावलं आणि आत विजेची ठिणगी पाडली. धडाम् करून बूच उडालं. लोक खेळ म्हणून बघायला यायचे. हेच व्होल्टा पुढं १८०० साली पहिली बॅटरी बनवतात. आपल्या मोटारीवर, बल्बवर "२३० व्होल्ट" असं लिहिलेलं असतं ना, तो व्होल्ट शब्द त्यांच्याच नावावरून आला. म्हणजे ज्या माणसानं हा वायू ओळखला, त्याच माणसानं पहिल्यांदा विजेच्या ठिणगीनं तो पेटवूनही दाखवला. जाऊबाईंच्या खोलीत त्या पहाटे जे झालं, तो व्होल्टांचाच खेळ होता. फरक एवढाच, की नळीच्या जागी खोली होती आणि बुचाच्या जागी बाईमाणूस.

हा खेळ जीवघेणा आहे हे पहिल्यांदा कळलं ते कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्यांना. कोळशाच्या थरांत हाच मिथेन कोंडलेला असतो. कोळसा फोडला की तो बाहेर येतो. खाणीत अंधार, त्यामुळं हातात उघडी मेणबत्ती. इंग्लंडमध्ये फेलिंग नावाच्या ठिकाणी २५ मे १८१२ रोजी खाणीत स्फोट झाला आणि ९२ माणसं गेली. त्यात पोरंसोरंही होती. तिथल्या एका पाद्र्यानं त्या अपघाताची सगळी हकिकत छापून काढली. गाऱ्हाणं कागदावर आलं, तेव्हा कुठं शहाण्यासुरत्या लोकांनी डोकं लावायला घेतलं.

१८१५ मध्ये हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञानं एक साधी गोष्ट हेरली. ज्योतीवर बारीक तारेची जाळी धरली, तर ज्योत जाळीच्या खालीच थांबते, वर जात नाही. का? धातूची तार ज्योतीची उष्णता ओढून घेते. जाळीतून पलीकडं जाईपर्यंत वायू पेटण्याइतका गरम राहतच नाही. डेव्हींनी कंदिलाच्या ज्योतीभोवती अशी जाळी बसवली. खाणीतला वायू जाळीच्या आत शिरून जळला तरी बाहेरचा वायू पेटायचा नाही.

मैत्रिणींनो, ही दोनशे वर्षांपूर्वीची जाळी आजही आपल्या घरात असायला हवी. गोबरगॅसच्या पाइपमध्ये, शेगडीच्या किंवा इंजिनाच्या आधी, ज्वालारोधक बसवतात. मिस्त्री त्याला फ्लेम अरेस्टर म्हणतात. त्याच्या आत डेव्हींचीच युक्ती असते. शेगडीची ज्योत उलटी पाइपमधून टाकीकडं जाऊ नये म्हणून. पुष्कळ ठिकाणी गॅस कमी येतो म्हणून मिस्त्री ती जाळी काढून फेकतो आणि आपण त्याला चहा पाजतो. जाळी चोंदली असेल तर ती साफ करायची किंवा बदलायची. काढून टाकायची नाही.

कंदिलाचा प्रश्न असा सुटत आला. मग खाणीत वीज आली. आणि इथून आपल्या बटणाची खरी गोष्ट सुरू होते.

वेल्समध्ये सेंघेनिद नावाचं गाव आहे. तिथल्या खाणीत १९०१ मध्ये स्फोट होऊन ८१ माणसं गेली होती. तीच खाण पुन्हा चालू झाली. १४ ऑक्टोबर १९१३ च्या सकाळी त्याच खाणीत पुन्हा स्फोट झाला. ४३९ खाणकामगार गेले, आणि त्यांना वाचवायला आत उतरलेला आणखी एकजण गेला. खाणीच्या तोंडाशी शाली लपेटून उभ्या असलेल्या बायकांचे फोटो आजही पाहायला मिळतात. एकेका घरातला बाप आणि मुलगा, दोघंही आत. ब्रिटनच्या इतिहासात इतका मोठा खाण अपघात दुसरा नाही.

स्फोट नक्की कशानं झाला याची चौकशी झाली. एक मोठा संशय होता तो विजेच्या घंटीवर. खाणीत वर-खाली निरोप द्यायला दोन उघड्या तारा लावलेल्या असत. त्या एकमेकींना टेकवल्या की दूर घंटी वाजायची. तारा टेकताना-सुटताना बारीक ठिणगी पडते. वीज बॅटरीची, कमी दाबाची. तेवढ्याशा ठिणगीनं काय होणार, असं बऱ्याच जणांनी धरून चाललेलं होतं. पुढं खटला झाला. नियम मोडल्याबद्दल व्यवस्थापकाला दंड झाला २४ पौंड आणि कंपनीला १० पौंड. ४४० जिवांचे हे पैसे. लोकांनी भागाकार करून माणशी किती पडले तेही काढलं, आणि ते बोल आजपर्यंत विसरले गेले नाहीत.

पण त्या मरणांतून एक काम मात्र झालं. घंटीच्या तारांच्या ठिणग्या प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या आणि सिद्ध झालं, की हो, बॅटरीवरच्या घंटीची ठिणगीसुद्धा हा वायू पेटवू शकते. विजेच्या सामानाबद्दल दोन वाटा पडल्या. एक, ठिणगी इतकी दुबळी ठेवायची की तिनं वायू पेटूच नये. दुसरी, ज्या सामानात ठिणगी पडणारच ते जाड, मजबूत, घट्ट पेटीत बंद करायचं. पेटीत वायू शिरून आत पेटला तरी पेटी फुटत नाही, आणि झाकणाच्या अरुंद फटीतून बाहेर येता येता ज्वाला थंड होते. डेव्हींच्या जाळीचीच ही थोरली बहीण. अशा सामानाला ज्वालारोधी किंवा फ्लेमप्रूफ म्हणतात. आपल्याकडं धनबादच्या खाण संशोधन केंद्रात अशा सामानाची परीक्षा होते.

यातूनच तिसरी गोष्ट आली, आणि ती आपल्या सगळ्यांत कामाची आहे. जागेचे भाग पाडणं. जिथं वायू कायम असतो, म्हणजे टाकीच्या आत, तो पहिला भाग. जिथं रोजच्या कामात वायू सुटू शकतो, तो दुसरा. जिथं एरवी नसतो, पण काही बिघडलं तर येऊ शकतो, तो तिसरा. भारतीय मानकांतही अशी विभागणी आहे. आपल्याला त्याची कलमं पाठ करायची गरज नाही. त्याचा अर्थ एवढाच, की विजेचं सामान विकत घेण्याआधी ते कुठं लागणार हे ठरवा. साधं बटण वायूपासून लांब, मोकळ्या हवेत असेल तर वीस रुपयांत काम होतं. तेच वायूच्या जागी लावायचं तर महागडी पेटी लागते. जाऊबाईंच्या वायरमननं चार हात वायर वाचवली आणि साधं बटण नेमकं नको तिथं लावलं.

आता आपल्या देशात येऊ. आपल्याकडं हा वायू वापरायला सुरुवात झाली ती मुंबईत. माटुंग्याच्या कुष्ठरुग्णालयात १८९७ च्या सुमारास मैल्याच्या टाकीवर वायू धरण्याची सोय केली गेली, आणि त्यावर इंजिनही चालवलं गेलं. म्हणजे ज्यांना समाजानं गावाबाहेर काढलं होतं, त्यांच्या घरात हा उजेड आधी आला. पुढं १९३९ मध्ये दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत एस. व्ही. देसाई यांनी शेणावर प्रयोग केले. १९५० नंतर जशभाई पटेल यांनी वरखाली होणाऱ्या लोखंडी झाकणाची टाकी तयार केली, आणि खादी ग्रामोद्योग आयोगानं १९६० नंतर ती गावोगाव नेली. १९७८ मध्ये विटांच्या घुमटाची जनता टाकी आली, १९८४ मध्ये तिच्याहून स्वस्त दीनबंधू. मधल्या काळात, १९८१-८२ पासून, केंद्र सरकारची बायोगॅस योजना सुरू झाली आणि अनुदान मिळू लागलं. आपल्या देहूचे डॉ. मापुसकर यांनी तर संडासाला गॅसची टाकी जोडण्यासाठी सारी हयात वेचली.

या सगळ्या वर्षांत गॅस जायचा तो मुख्यतः चुलीकडं. शेगडी घरात, टाकी परसात, आणि वीज असलीच तर ओसरीवर एक दिवा. गॅस आणि वीज एकमेकांच्या वाऱ्यालाही उभ्या नव्हत्या. म्हणून आपल्या सासवांना ठिणगीची भीती शिकावी लागली नाही. त्यांना शिकावं लागलं ते काडी आधी पेटवून मग गॅस सोडायला.

दोघांची गाठ घालून देणाऱ्या गावांतलं एक म्हणजे कर्नाटकातलं पुरा. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी आणि त्यांचे सहकारी खेड्यांसाठी काम करत होते. त्यांनी पुरा गावात सामुदायिक गोबरगॅस बांधला, सगळ्यांच्या चुली पेटाव्यात म्हणून. पण गावाच्या शेणातून सगळ्यांच्या स्वयंपाकापुरता गॅस काही निघेना. प्रयोग फसला. मग गावाशी पुन्हा बोलणं झालं. तुम्हाला आधी काय हवं? उत्तर आलं, पाणी. त्याच टाकीच्या गॅसवर, थोडं डिझेल मिसळून, जनित्र चालवायचं ठरलं. १९८७ पासून त्या विजेवर कूपनलिकेचं पाणी वर चढू लागलं आणि घराघरांत दिवे लागले. बायका शेण आणून द्यायच्या, त्याचे पैसे मिळायचे, आणि टाकीतून निघालेलं मळीचं खत परत घरी जायचं. यंत्रं सांभाळायला गावातलीच तरणी पोरं शिकवून तयार केली होती. मला या गोष्टीत हेच मोलाचं वाटतं. गॅस आणि वीज एका आवारात आली, तेव्हा ती सांभाळायला शिकलेलं माणूसही त्याच गावात होतं. आमच्याकडं इंजिन आलं, वायर आली, शिकवण तेवढी आली नाही.

म्हणून ती शिकवण आता एकमेकींना देऊ. हवेत हा वायू साधारण शंभरात पाच ते पंधरा भाग मिसळला की ठिणगीनं स्फोट होतो. मोकळ्या अंगणात तो विरून जातो, पण बंद खोलीत साचतो. मिथेन हवेपेक्षा हलका, तो छताखाली जमतो. म्हणून इंजिनाची खोली टाकीपासून सुटी असावी, आणि भिंतीला वर, अगदी छताजवळ, तसंच खाली जमिनीजवळही कायमच्या उघड्या झडपा असाव्यात. थंडी वाजते म्हणून त्यात पोतं कोंबू नये.

खोलीचा मेन स्विच, दिव्याचं बटण, सॉकेट, मोबाइल चार्जिंग, हे सगळं खोलीच्या बाहेर, गॅसच्या पाइपपासून लांबच्या भिंतीवर. वायर पक्क्या पाइपातून न्यावी, आणि गॅसचा पाइप व विजेची वायर एकाच चरात गाडू नये. सांध्याला नुसती चिकटपट्टी गुंडाळलेली चालणार नाही. गोबरगॅसमध्ये सडक्या अंड्याच्या वासाचा एक वायू थोडा असतो. तो तांब्याला खातो. बोर्डातली वायर काळी पडलेली दिसली, की समजावं जोड ढिला होणार, आणि ढिला जोड म्हणजे ठिणगी.

अर्थिंग करून घ्यावं. इंजिन-जनित्राचा सांगाडा, लोखंडी झाकण, सगळं अर्थला जोडलेलं हवं. झटका बसताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवावा, गोठ्यात ओल असते म्हणून तो जास्तच गरजेचा. आणि ज्या घरात महावितरणची लाइन पण आहे आणि जनित्रही, तिथं चेंजओव्हर स्विच लागतोच. नाहीतर लाइट गेलेली असताना आपली वीज उलटी खांबावर चढते, आणि बंद लाइन समजून काम करणारा लाइनमन मरतो. तोही कुणाच्या घरचा कर्ता असतो.

आता वास आला तर काय करायचं, ते नीट ऐका. बटण दाबायचं नाही. चालू असेल तर बंदही करायचं नाही, कारण बंद करतानाही ठिणगी पडते. एक्झॉस्ट पंखा लावायचा नाही, आतून फोन लावायचा नाही. दार-खिडकी हातानं उघडायची, टाकीजवळचा गॅसचा कॉक बाहेरून बंद करायचा, पोराबाळांना लांब न्यायचं. मेन स्विच बाहेर लांब असेल तर तिथून वीज तोडायची. आणि वास कमी झाला म्हणून लगेच आत जायचं नाही. तो सडका वास नाकाला लवकर बधिर करतो, वायू मात्र तिथंच असतो.

आणखी एक. टाकी साफ करायची म्हणून कुणी वायरला बल्ब लावून आत सोडताना दिसलं, तर हात धरून थांबवा. आणि आत उतरायचं तर बिलकुल नाही. ठिणगी पडली नाही तरी आतल्या हवेनं माणूस दोन श्वासांत कोसळतो, आणि त्याला काढायला उतरणाराही.

जाऊबाईंचा हात बरा झाला. मनगटावर पांढरा डाग राहिला आहे. सासूबाईंनी टाकी बुजवू दिली नाही म्हणून थोडे दिवस अबोला धरला, मग तोही सुटला. आम्ही परवानाधारक वायरमन बोलावला, बोर्ड काढून गोठ्याच्या दर्शनी भिंतीवर नेला, पाइपला नवा जोड घातला, पत्र्याखाली जाळीची झडप काढली. खर्च एका शेळीएवढाही आला नाही. काम झाल्यावर जाऊबाईंनी वायरमनला तपासणीचा दाखला लिहून मागितला. तो म्हणाला, "वहिनी, कशाला कागद?" त्या म्हणाल्या, "कागद नसल्यानंच माझा हात भाजला."

नंतर आमच्या गटानं गावातले सगळे गॅसवाले गोठे पाहून काढले. तीन घरांत बोर्ड पाइपच्या वरच निघाला. तिन्ही घरांत तो पुरुषांनी बसवून घेतला होता, आणि पहाटे अंधारात ते बटण दाबणारी मात्र बाई होती. म्हणून सांगते, तुमच्या गोठ्यात वायरमन आला की पाण्याचा तांब्या देऊन घरात परतू नका. तिथंच उभ्या राहा आणि विचारा, "दादा, हे बटण इथंच का?" सेंघेनिदच्या बायकांना हा प्रश्न विचारायला कुणी बोलावलंच नव्हतं. आपल्या गोठ्यात आपल्याला बोलावण्याची वाट पाहायची गरज नाही.

ऐकत राहा, आणि आज संध्याकाळी धारेला जाल तेव्हा आपला बोर्ड कुठं आहे ते एकदा उजेडात बघून या.